मागणी, माग आणि काळ : केन्सविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात या सदरातून 'गुणक' या संकल्पनेविषयी (जादा खर्च हातोहात फिरून एकूण उत्पन्न किती पट वाढवतो, ती संख्या) एका वाचकाला उत्तर दिल्यानंतर सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांच्याविषयी बरीच पत्रे आली. काही पत्रे अभ्यासकांची आहेत, तर काही थेट कारखान्यातून आणि शेतातून आलेली आहेत. ज्या पत्रांमुळे मला स्वतःला पुन्हा ग्रंथ उघडून बसावे लागले, ती येथे संक्षेपाने घेतली आहेत.

प्रश्न : मी सोलापुरात अर्थशास्त्र विषयात एम.ए. करीत आहे. केन्सवर प्रबंधिका लिहिण्याची इच्छा व्यक्त केली तेव्हा, जवळजवळ नव्वद वर्षांपूर्वीच्या ग्रंथात आता संशोधन करण्यासारखे काय उरले आहे, असे मला विचारण्यात आले. वाचनात व्हिक्टोरिया चिक हे नाव आले आहे. त्यांचे संशोधन नेमके कशाविषयी आहे? (एक विद्यार्थिनी, जुळे सोलापूर)

आपल्याला विचारला गेलेला प्रश्न मी गैर मानत नाही. तो प्रत्येक संशोधकाने स्वतःला विचारावा असाच आहे. मात्र त्याचे उत्तर 'काहीच उरलेले नाही' असे नाही, आणि ते तसे का नाही हे समजून घेण्यासाठी चिक यांच्याइतकी चांगली सोबत मला दुसरी ठाऊक नाही.

चिक यांचा जन्म १९३६ सालचा, म्हणजे ज्या वर्षी केन्स यांचा 'जनरल थिअरी' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षीचा. कॅलिफोर्नियातील बर्कली हे त्यांचे जन्मगाव. तेथे आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिक्षण घेऊन त्यांनी पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात अनेक दशके अर्थशास्त्राचे अध्यापन केले. जानेवारी २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या 'मॅक्रोइकॉनॉमिक्स आफ्टर केन्स' या ग्रंथात त्यांनी केन्स यांचा मूळ युक्तिवाद ओळीओळीने तपासला. आणि तो भक्तिभावाने नव्हे, तर हा माणूस कोणती गृहीतके न बोलता धरून चालला आहे हे शोधण्यासाठी तपासला.

हे करण्याची गरज का पडली, ते थोडे मागे जाऊन सांगितले पाहिजे. ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतर वर्षभरातच, १९३७ मध्ये, ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जॉन हिक्स यांनी त्याचा आशय दोन रेषांच्या एका आकृतीत मांडला. पुढे आयएस-एलएम या नावाने हीच आकृती जगभरच्या वर्गांत गेली आणि मीही ती अनेक वर्षे फळ्यावर काढली. तिच्यात वस्तूंचा बाजार आणि पैशाचा बाजार एकाच बिंदूत, जणू एकाच क्षणी, समतोलात येतात. केन्स यांच्या ग्रंथात मात्र निर्णय एकामागून एक घेतले जातात. आधी कोणीतरी अंदाज बांधतो, मग उत्पादन सुरू करतो, मग मजुरी वाटली जाते, आणि त्यानंतर बाजार त्याला सांगतो की त्याचा अंदाज बरोबर होता की नाही. आकृतीत हा क्रमच पुसला जातो. खुद्द हिक्स यांनीही उतारवयात, १९८०-८१ च्या सुमारास, या आकृतीविषयी शंका व्यक्त केल्या. त्यांपैकी महत्त्वाची शंका अशी की, वस्तूंच्या बाजाराची रेषा काही काळ चालणाऱ्या प्रवाहाविषयी बोलते आणि पैशाच्या बाजाराची रेषा एका क्षणीच्या साठ्याविषयी, तेव्हा त्या दोघी एका बिंदूत भेटतात याचा अर्थ काय लावायचा?

आपण सोलापूरच्या आहात म्हणून चादरीचे उदाहरण घेऊ. थंडीत विकावयाच्या चादरीसाठी सुताची खरेदी कित्येक महिने आधी करावी लागते. बीम भरले जाते, कांड्या होतात, आठवड्याची मजुरी दिली जाते. परगावचा व्यापारी मात्र अजून आलेला नसतो. कारखानदाराने किती माग चालू ठेवायचे, म्हणजेच किती माणसांना काम द्यायचे, हा निर्णय प्रत्यक्ष मागणीवर होत नाही, तर मागणीच्या त्याच्या अपेक्षेवर होतो. केन्स यांनी ज्याला 'प्रभावी मागणी' म्हटले ती हीच. चिक यांनी या नावाविषयी स्पष्ट नाराजी नोंदवली आहे, कारण नाव मागणीचे असले तरी प्रत्यक्षात ते उत्पादक किती माल बाजारात आणणार याचे मोजमाप आहे, आणि तेवढा माल उचलला जाईलच याची हमी त्यात कोठेही नाही. आपली पाठ्यपुस्तके 'प्रभावी मागणी म्हणजे खर्च करण्याची तयारी असलेली मागणी' असे सांगून पुढे जातात, तेव्हा हा सगळा गाभा गळून पडतो.

याच ठिकाणी एक गैरसमज होण्याचा संभव आहे. बेरोजगारी म्हणजे कारखानदारांच्या चुकलेल्या अंदाजांचा परिणाम, असे केन्स यांचे म्हणणे नव्हते. १९३७ मध्ये व्याख्यानांसाठी काढलेल्या टिपणात त्यांनी लिहिले की, हा ग्रंथ पुन्हा लिहावयाचा झाला तर अल्प मुदतीच्या अपेक्षा नेहमी खऱ्याच ठरतात असे धरून आपण सुरुवात करू. अर्थ असा की, प्रत्येक कारखानदाराचा अंदाज अगदी तंतोतंत खरा ठरला आणि गोदामात एकही चादर शिल्लक राहिली नाही, तरीही काम मागणारी माणसे बिनकामाची राहू शकतात. हा त्यांचा सर्वांत बळकट आणि सर्वांत कमी शिकवला जाणारा दावा आहे. दीर्घ मुदतीच्या अपेक्षांचे, म्हणजे नवा माग घ्यावा की नाही यासारख्या निर्णयांचे, गणित मात्र याहून निराळे आहे. १९३७ च्याच एका लेखात त्यांनी वीस वर्षांनंतरचा तांब्याचा भाव, तेव्हाचा व्याजदर, युरोपातील युद्धाची शक्यता अशी उदाहरणे देऊन सांगितले की, अशा गोष्टींची संभाव्यता मोजण्यास कोणताही शास्त्रीय आधार नाही. आपल्याला ते ठाऊकच नसते.

म्हणून आपल्याला विचारलेल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे : केन्सचे निष्कर्ष पाठ करणे संपले असेल, पण ते निष्कर्ष कोणत्या काळात, कोणत्या व्यवस्थेत आणि निर्णयांच्या कोणत्या क्रमात खरे ठरतात हा शोध संपलेला नाही. तो प्रत्येक ठिकाणी नव्याने करावा लागतो. खाली येणाऱ्या पत्रांमधून हेच वारंवार दिसेल.

प्रश्न : माझे यंत्रमागावर टॉवेलचे उत्पादन आहे. मालाला उठाव नाही. मजुरी थोडी कमी केली तर भाव कमी करता येईल आणि माल खपेल, असे आम्हा कारखानदारांत बोलले जाते. केन्सच्या मते मजुरी कमी केल्याने बेरोजगारी जात नाही, असे आपण लिहिले होते. मग खरे काय? शिवाय माझे वडील सांगत की जुनी मिलसुद्धा मागणी नसल्यानेच बंद पडली. ते बरोबर आहे का? (एक यंत्रमागधारक, पूर्व भाग)

आपले म्हणणे आणि केन्स यांचे म्हणणे ही दोन्ही विधाने आपापल्या हद्दीत खरी आहेत. वाद मिटवण्यासाठी मी हे म्हणत नाही. हद्द कोठे आखायची, हाच या विषयातील सर्वांत अवघड प्रश्न आहे.

एकट्या आपल्या कारखान्याचा विचार केला तर मजुरी कमी केल्याने आपला टॉवेल स्वस्त होईल आणि शेजारच्याचे गिऱ्हाईक आपल्याकडे येईल. आपले कामगार आपला टॉवेल विकत घेत नाहीत, त्यामुळे त्यांच्या खिशातील कपात आपल्या विक्रीवर दिसणार नाही. संपूर्ण सोलापूरची हद्द धरली तरी टॉवेलपुरते बरेचसे असेच होईल, कारण येथला टॉवेल मुख्यतः परगावी आणि परदेशी जातो. परंतु याच हद्दीत किराणा दुकानदार, भाजीवाले, शिवणकाम करणाऱ्या बायका आणि रिक्षावाले यांचाही समावेश आहे. त्यांचे गिऱ्हाईक म्हणजे आपलेच कामगार. त्यांच्याकडे पहिल्याच आठवड्यात मंदी येईल. आता हद्द आणखी वाढवा. इचलकरंजी, भिवंडी आणि देशातील इतर सर्व वस्त्रोद्योगाच्या गावांनी, आणि मग सर्वच उद्योगांनी, याच विचाराने मजुरी कमी केली, तर कोणालाच दुसऱ्याचे गिऱ्हाईक मिळणार नाही आणि एकूण खरेदी मात्र आटेल. केन्स यांनी आपल्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या प्रकरणात हा प्रश्न घेतला आहे. त्यात त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली आहे, जी आपल्याला लगेच पटेल : मजुरी आणि भाव दोन्ही खाली आले तरी डोक्यावरचे कर्ज रुपयांत तेवढेच राहते. मागासाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता कमी भावाच्या टॉवेलमधून फेडावयाचा झाला, तर अधिक टॉवेल विकावे लागतील.

चिक यांनी स्टर्लिंग विद्यापीठातील शीला डाऊ यांच्यासह २००५ मध्ये 'खुल्या व्यवस्था' या कल्पनेवर एक निबंध लिहिला. त्याचा मथितार्थ मला असा समजतो की, समाजात ज्या व्यवस्था असतात त्यांच्या सीमा अभेद्य नसतात. अभ्यासासाठी सीमा आखावीच लागते, पण ती तात्पुरती आहे याचे भान सुटता कामा नये. 'मजुरी स्थिर धरू' किंवा 'इतरांचे उत्पन्न स्थिर धरू' असे म्हणताना आपण एक कुंपण घालतो. एका कारखान्यासाठी ते कुंपण चालते, देशासाठी चालत नाही, कारण तेथे इतरांचे उत्पन्न म्हणजे आपलाच खर्च असतो.

मागील अंकातील गुणकाला हीच कसोटी लावून पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. केन्स यांचे सहकारी रिचर्ड कान यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या आणि केन्स यांनी उचललेल्या या कल्पनेनुसार, शंभर रुपयांच्या जादा उत्पन्नापैकी ऐंशी खर्च होत असतील तर गुणक पाच येतो. पण त्या ऐंशीपैकी चाळीसच रुपये सोलापुरातील वस्तू आणि सेवांवर खर्च झाले आणि उरलेले चाळीस मोबाइल, तेल, साबण अशा बाहेरून येणाऱ्या मालावर गेले, तर सोलापूरच्या हद्दीत शंभर रुपयांचे सुमारे १६७ रुपयेच होतील. उरलेला पैसा नाहीसा झालेला नाही, तो दुसऱ्या कोणाच्या गावात फिरतो आहे. म्हणून एखाद्याने 'गुणक पाच आहे' असे सांगितले तर त्याला आधी 'कोणत्या हद्दीत?' हे विचारावे.

आपला प्रत्यक्ष प्रश्न उरतोच : मग करावे काय? उठाव नसण्याचे कारण इतर गावांचा स्वस्त माल हे असेल, तर आपली अडचण स्पर्धेची आहे आणि केन्स तेथे फारसे उपयोगी नाहीत. उठाव सर्वत्रच नसेल, तर मजुरी कपातीने आपण सर्वजण मिळून ती अडचण वाढवाल. कोणते कारण आहे हे आपल्या व्यापाऱ्याकडून कळेल. त्याला इतकेच विचारा की तो सध्या दुसऱ्या कोणाकडून माल उचलतो आहे, की कोणाकडूनच उचलत नाही.

जुन्या मिलविषयी, म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीच्या मिलविषयी : ही मिल १९४९ मध्ये बंद पडली आणि जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचे व्यवस्थापन ताब्यात घेतले, पुढे त्याचा कायदा झाला आणि एका भागधारकाने तो थेट सर्वोच्च न्यायालयात नेला. त्या कायद्याच्या प्रास्ताविकात गैरव्यवस्थापन आणि दुर्लक्ष ही कारणे सांगितली आहेत, आणि त्यामुळे जीवनावश्यक वस्तूच्या उत्पादनावर परिणाम होऊन समाजातील एका वर्गात गंभीर बेरोजगारी निर्माण झाल्याचे म्हटले आहे. आपल्या वडिलांची आठवण मी खोटी म्हणणार नाही. तरीही बंद पडलेल्या प्रत्येक कारखान्याच्या दारात मागणीच्या अभावाचा सिद्धांत नेऊन ठेवणे योग्य नाही. कामगार मात्र दोन्ही प्रकारांत अनैच्छिकपणेच बेरोजगार होतो.

प्रश्न : दुष्काळात शासनाने कामे काढली की मजुरांच्या हातात पैसा येतो, पण ज्वारीचा भावही वाढतो. सरकारने खर्च केला की रोजगार वाढतो हा केन्सचा नियम आमच्याकडे लागू पडत नाही का? (एक शेतकरी, मंगळवेढा)

हा प्रश्न १९५२ साली भारतीय अर्थशास्त्रज्ञ व्ही. के. आर. व्ही. राव यांनी विचारला होता, आणि तो विचारण्याचा त्यांचा अधिकार मोठा होता, कारण त्यांचे शिक्षण केंब्रिजमध्ये खुद्द केन्स यांच्या परिसरात झालेले होते. अविकसित अर्थव्यवस्थेत गुणक कसा चालतो यावर त्यांनी लिहिलेला निबंध आजही वाचावा असा आहे. त्यांनी आधी केन्स यांच्या गुणकामागे न बोललेल्या कोणत्या अटी आहेत त्या मोकळ्या केल्या. प्रचलित मजुरीवर काम करायला तयार असलेली माणसे रिकामी असली पाहिजेत. मागणी वाढली की उत्पादन वाढू शकले पाहिजे. उपभोग्य वस्तूंच्या कारखान्यांत वापरात नसलेली क्षमता पडून असली पाहिजे. आणि खेळते भांडवल सहज मिळाले पाहिजे. इंग्लंडमध्ये १९३० च्या दशकात या चारही गोष्टी होत्या. आपल्या खेड्यात माणसे रिकामी दिसत नव्हती, कारण ती घरच्याच शेतात अर्ध्या कामावर गुंतलेली होती. आणि मागणी वाढली म्हणून शेत चार महिने आधी पिकत नव्हते. त्यामुळे वाढलेल्या खर्चाने रुपयांतील उत्पन्न आणि भाव वाढतात, धान्य आणि रोजगार तेवढे वाढत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. अशा देशासाठी अधिक कष्ट आणि अधिक बचत हा जुनाच उपदेश बरा, येथपर्यंत ते गेले.

मंगळवेढ्याची ज्वारी जमिनीत साठलेल्या ओलीवर येते आणि वर्षातून एकदाच हाती लागते. ओल गेली की त्या वर्षी कितीही भाव दिला तरी दाणा वाढत नाही. १९७२ च्या दुष्काळात कामांच्या जोडीला बाहेरून आणलेला मिलो (परदेशी लाल ज्वारी) आणि सुकडी (पूरक पौष्टिक अन्न) वाटली नसती, तर मजुरीचा पैसा तेवढ्याच ज्वारीच्या मागे धावला असता. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना ते दिवस आठवत असतील. वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्या कामांकडे पाहताना मला काळाचे दोन वेगळे टप्पे दिसतात. ज्या वर्षी बंधारा बांधला जातो त्या वर्षी तो केवळ मागणी वाढवतो. पुढे पाऊस पडला आणि त्याच्याखालच्या विहिरींना पाणी आले की तोच बंधारा पुरवठा वाढवतो. 'लागू पडतो की नाही' या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच पहिल्या वर्षी एक आणि पाचव्या वर्षी दुसरे येऊ शकते.

राव यांचे विधानही आता तपासून घ्यावे लागेल. आज मजुराच्या हातातील पैसा केवळ ज्वारीवर जात नाही. तो साबण, कपडे, मोबाइल यांवरही जातो, आणि त्या वस्तूंचे कारखाने मागणी वाढली की उत्पादन वाढवू शकतात. तेथे गुणक चालेल, पण तो मंगळवेढ्यात चालणार नाही. तो त्या कारखान्यांच्या गावी चालेल.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत ठेवी आल्या तरच कर्ज देता येते. केन्सवादी मात्र म्हणतात की गुंतवणूक आधी आणि बचत नंतर. हे उलटे वाटते. (पतसंस्थेचे एक कर्मचारी, बार्शी)

आपल्याला ते उलटे वाटते, कारण आपल्या संस्थेच्या जागेवरून ते उलटेच आहे. चिक यांच्या १९८६ च्या एका निबंधात याचे फार समाधानकारक उत्तर मला मिळाले. बँकव्यवस्था टप्प्याटप्प्याने बदलत गेली, आणि टप्पा बदलला तसा बचत व गुंतवणूक यांतील कार्यकारणाचा क्रमही बदलला, असे त्यांनी मुख्यतः इंग्लंडच्या अनुभवावरून दाखवले. सुरुवातीच्या टप्प्यात बँका लहान आणि अनेक असतात, लोक त्यांच्याकडे बचत ठेवतात, पण त्या ठेवींचा चलन म्हणून वापर करीत नाहीत. अशा वेळी ठेव आधी आणि कर्ज नंतर. पुढे लोक बँकेतील ठेवीनेच एकमेकांचे देणे भागवू लागतात. तेव्हा एका बँकेने दिलेले कर्ज खर्च झाले की दुसऱ्या बँकेत ठेव म्हणून जमा होते, आणि कर्जच ठेव निर्माण करू लागते. मध्यवर्ती बँक अडचणीच्या वेळी मागे उभी राहिली की बँकांना ठेवींची वाट पाहण्याची गरज आणखी कमी होते. केन्स लिहीत होते तेव्हा इंग्लंड या पुढच्या टप्प्यावर होते. त्यांच्या आधीचे अर्थशास्त्रज्ञ आधीच्या टप्प्याचे वर्णन करीत होते. त्या अर्थाने दोघेही चुकले नव्हते.

भारतात रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली आणि आज मोठ्या बँका बऱ्याच पुढच्या टप्प्यावर आहेत. आपल्या पतसंस्थेतील ठेव मात्र ज्याचे देणे आहे तो थेट स्वीकारत नाही. ती आधी काढून आणावी लागते. म्हणून एकाच बार्शीत, एकाच रस्त्यावर, दोन टप्पे शेजारी शेजारी नांदत आहेत, असे मला वाटते. यावर कोणी नीट अभ्यास करील तर मी तो आनंदाने वाचेन.

प्रश्न : डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केन्सवर टीका केली होती, हे खरे आहे का? (एक वाचक, सोलापूर)

होय. केन्स यांनी १९०६ ते १९०८ या काळात लंडनच्या इंडिया ऑफिसमध्ये नोकरी केली आणि १९१३ मध्ये भारताच्या चलनावर आपला पहिला ग्रंथ लिहिला; त्यात त्यांनी सुवर्ण विनिमय परिमाणाची, म्हणजे रुपया देशात सोन्यात न बदलता परकीय चलनाशी त्याचा ठरावीक दर सरकारने राखण्याच्या व्यवस्थेची, बाजू घेतली. डॉ. आंबेडकरांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात ती व्यवस्था नाकारली, कारण तिच्यात रुपया किती काढायचा हे चालवणाऱ्याच्या मर्जीवर राहते आणि रुपयाची देशातील खरेदीशक्ती स्थिर राहत नाही. येथेही हद्दीचाच प्रश्न आहे : केन्स विनिमय दराकडे पाहत होते, आंबेडकर देशातील भावांकडे, म्हणजे मजुरी रुपयांत मिळणाऱ्या माणसाकडे. माझ्या मते त्या वादात आंबेडकरांची नजर अधिक खोल होती. 'जनरल थिअरी' अजून तेरा वर्षे दूर होती, हेही लक्षात ठेवावे.

प्रश्न : मी यंत्रमाग उद्योगातील रोजगारावर पीएच.डी. करीत आहे. मला अर्थमितीचे, म्हणजे आकडेवारीवरून आर्थिक संबंध मोजणारे, प्रारूप वापरायचे आहे. केन्स आकडेवारीच्या विरोधात होते असे वाचले, म्हणून संभ्रम आहे. (एक संशोधक, सोलापूर)

केन्स आकडेवारीच्या विरोधात नव्हते. युद्धकाळात जेम्स मीड आणि रिचर्ड स्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी ब्रिटनच्या राष्ट्रीय उत्पन्नाचे जे हिशेब तयार केले आणि जे १९४१ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांना केन्स यांचा भक्कम पाठिंबा होता. त्यांचा विरोध एका विशिष्ट पद्धतीला होता. डच अर्थशास्त्रज्ञ यान टिनबर्गेन यांनी राष्ट्रसंघासाठी गुंतवणुकीचा सांख्यिकीय अभ्यास केला, आणि १९३९ मध्ये केन्स यांनी 'इकॉनॉमिक जर्नल'मध्ये त्याचे परीक्षण लिहिले. टिनबर्गेन यांच्या प्रामाणिकपणाविषयी त्यांनी आदरच व्यक्त केला. प्रश्न मात्र कठोर होते : सर्व महत्त्वाची कारणे प्रारूपात आली आहेत याची खात्री काय? मोजता न येणाऱ्या कारणांचे, जसे अपेक्षा आणि विश्वास यांचे, काय करायचे? संबंध सरळ रेषेतलेच असतील कशावरून? दहा वर्षांपूर्वीची परिस्थिती आणि आजची परिस्थिती एकसारखीच आहे, असे न धरता जुन्या आकड्यांवरून पुढचे सांगता येते काय? पुढे १९६९ मध्ये अर्थशास्त्राचे पहिले नोबेल टिनबर्गेन यांना राग्नार फ्रिश यांच्यासह मिळाले आणि विषय त्यांच्या वाटेने गेला; परंतु हे प्रश्न त्यामुळे सुटले असे मी मानत नाही.

त्या परीक्षणाच्या आदल्या वर्षी, १९३८ मध्ये, अर्थशास्त्रज्ञ रॉय हॅरॉड यांना लिहिलेल्या पत्रांत केन्स यांनी आपली भूमिका मांडली होती. अर्थशास्त्र म्हणजे प्रारूपांच्या साहाय्याने विचार करण्याचे शास्त्र, आणि त्याला जोडून आजच्या जगाला लागू पडेल असे प्रारूप निवडण्याची कला, असे ते म्हणतात. न्यूटनच्या सफरचंदाचा दाखला देऊन त्यांनी लिहिले की, अर्थशास्त्रात अशी स्थिती असते की जणू सफरचंद पडणे हे त्याच्या हेतूंवर, पडण्यात फायदा आहे का यावर, जमिनीला ते पडलेले हवे आहे का यावर आणि पृथ्वीचे केंद्र किती दूर आहे याविषयीच्या त्याच्या चुकलेल्या हिशेबावरही अवलंबून असावे.

आपण अर्थमिती अवश्य शिका आणि वापराही. मात्र आपल्या आकड्यांचा कालखंड नोटाबंदीच्या आधीपासून टाळेबंदीच्या नंतरपर्यंत पसरलेला असेल, तर मागाचा मालक दोन्ही टोकांना एकाच पद्धतीने निर्णय घेत होता असे धरण्यापूर्वी थांबा. तो तसा घेत होता का, हे त्याला विचारता येते, आणि सफरचंदाला ते विचारता येत नाही. दत्तनगर, अशोक चौक, अक्कलकोट रोडची औद्योगिक वसाहत, जेथे जाल तेथे प्रश्नावलीत उत्पादन, मजुरी आणि विक्री यांच्या रकान्यांबरोबर आणखी दोन रकाने ठेवा : सुताची शेवटची मोठी खरेदी कोणत्या तारखेला केली, आणि त्या दिवशी हातात किती रुपयांच्या मालाची नक्की मागणी होती. उरलेले सूत त्याने कशाच्या भरवशावर घेतले, हे त्याच्याच शब्दांत लिहून घ्या, आणि त्या शब्दांना लगेच क्रमांक देऊ नका.